बांधावरच्या बाईला कोणी विचारलंच नाही

माय, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला बसलं तर आधी जिनिंगचा भोंगा ऐकू येतो आणि मग त्याच्या मागून तू येतेस. भोंगा झाला की थोड्या वेळानं तू दारात उभी असायचीस, पांढरी होऊन. केसांत, भुवयांवर, लुगड्याच्या काठाला कापसाचे तंतू. दिवसभर ढिगापुढं बसून तुम्ही बाया किडका, पिवळा पडलेला कापूस निवडून बाजूला काढायच्यात. तू हातपाय धुतेस, चुलीपुढं बसतेस, परात ओढतेस आणि मला म्हणतेस, "काढ गं तुझं मढं. काल कुठवर आलतं?" मढं म्हणजे रहस्यकथा. प्रत्येक पुस्तकात पहिल्या दहा पानांत एक तरी मढं पडायचंच, म्हणून तू सगळ्याच पुस्तकांना तेच नाव ठेवलं होतंस. तुला अक्षर येत नव्हतं. मी नववीत होते, आणि तुला वाचून दाखवणं हे माझं त्या घरातलं काम होतं, पाणी भरण्यासारखं किंवा शेळीला पाला टाकण्यासारखं.

पुस्तकं मामूच्या दुकानातून यायची. सेलूच्या स्टेशनच्या रस्त्यावर मामू सायकली भाड्यानं द्यायचा, पंक्चर काढायचा, आणि भिंतीला दोरी बांधून तिच्यावर रहस्यकथा धुणं वाळत घातल्यासारख्या टांगून ठेवायचा. "आखरी पन्ना है क्या देख के ले जा, बेटी," असं तो दर वेळी म्हणायचा, कारण शेवटची पानं कुणीतरी विडी पेटवायला फाडलेली असायची. मुखपृष्ठावर बाई ठरलेली. पदर ढळलेला, डोळे फाटलेले, मागं देऊळ नाहीतर कवटी. मी दुकानातून निघतानाच पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि घरी आल्यावर कोनाड्यात ठेवायची. आपल्या आधीच्या भाडेकरूंचा तो देव्हारा. बाबांनी आपले देव दुधना नदीत सोडले ते माझ्या जन्माआधी, गावाकडं असताना, त्यामुळं सेलूच्या खोलीतला तो कोनाडा मोकळाच होता. तूच एक दिवस म्हणालीस, "उघडा कोनाडा बरा दिसत न्हाई, ठेव तुझी मढी तिथं." वर बुद्धाची तसबीर आणि खाली खून.

बाबा रेल्वेत गँगमन होते. लाइनवरून आले की सतरंजीवर पडल्या पडल्या तेही ऐकायचे. त्यांना आवडायच्या बुवाबाजीच्या गोष्टी, आणि त्या वर्षांत तशा पुष्कळ निघायच्या. देवीच्या डोळ्यांतून रक्त यायलंय, गाव घाबरलंय, एकामागून एक माणूस मरतंय, पुजारी शापाची कहाणी सांगतोय. मग मुंबईहून तो डिटेक्टिव्ह येतो, मूर्तीच्या मागं जातो, आणि तिथं रबराची नळी सापडते. नळी सापडली की बाबा उठून बसायचे. "बगा! म्या काय म्हणत व्हतो? नळीच असती." जणू नदीत देव सोडताना त्यांनी स्वतःच ती उपसून काढली होती. तू हसायचीस, पण तुझं ध्यान नळीत नसायचं. तू बाया बघायचीस. एकदा भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "ह्या पुस्तकात बाई एक तर मरती न्हाई तर मारती. मदल्या येळात नाचती. मंग ह्यांचा सैपाक कोण करतंय?" मी हसून हसून लोळले. तू हसली नाहीस. "आन कामून गं, मेलेली बाई बी गोरीच? तिचा पदर कुठं पडलाय ते लिव्हलंय, तिला लेकरं हायेत का ते लिव्हलंच न्हाई." मला ती थट्टा वाटली. मी बाबांना दुसऱ्या दिवशी नक्कल करून दाखवली.

तुला खरी ओढ होती ती शेवटून दुसऱ्या प्रकरणाची. तिथं डिटेक्टिव्ह एकेकाला समोर बोलावून विचारायचा, त्या दिवशी तू काय पाहिलंस? माळी, मोलकरीण, टांगेवाला, दूधवाली. ते प्रकरण आलं की तू परात बाजूला सारायचीस, पिठाचे हात तसेच गुडघ्यावर. "हळू वाच." एका गोष्टीत त्यानं शेतात खुरपणाऱ्या बाईलाही विचारलं होतं. जेमतेम दोन ओळी होत्या. त्या तू मला परत वाचायला लावल्यास, आणि परत. "शेतातल्या बाईला बी इचारलं," असं तू बाबांना सांगितलंस. बाबा घोरत होते. तव्यावरची भाकरी करपली आणि तरी तू हलली नाहीस. त्या दोन ओळींत काय होतं हे मला कळायला वर्ष गेलं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, रोज एसटीनं यायची, वालूरच्या पलीकडून. म्हणजे आपल्याच गावची. आपण ते गाव सोडलं तेव्हा मी जेमतेम वर्षाची, मला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिनं एकदा डब्यात खोबऱ्याचा प्रसाद आणला आणि सांगितलं की आमच्या गावात विहिरीवर देवी आहे. मोठ्या घरची धाकटी सून. नवरा वारला, महिनाभरात तिच्या अंगात आलं, आणि भर पौर्णिमेला हिरवं लुगडं नेसून ती हसत हसत विहिरीत उतरली. पाण्यावर कुंकू तरंगलं म्हणे. घरच्यांनी काठावर ओटा बांधला, पादुका बसवल्या, चैत्रात यात्रा भरते, बायका ओट्या भरतात, मूल होत नसलं तर नवस बोलतात. ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात मामूची सगळी दोरी हलायला लागली. विधवा सून. मोठं घर. विहीर. मला दिसायला लागलं, नळी कुठं असेल ते.

मी वहीत गोष्ट लिहिली. तीन आठवडे लिहीत होते. रविवारी जिनिंग बंद होतं, तू अंगणात सुपात तूर पाखडत होतीस, आणि मी उंबऱ्यावर बसून तुला म्हणाले, "माय, आज मामूचं नाही, माझं मढं." तुझा चेहरा कसा उजळला! सूप खाली ठेवून तू पाय दुमडून बसलीस, शाळेत बसतात तशी. मी वाचायला लागले. गोष्टीत डिटेक्टिव्ह होता, विहीर होती, पाण्यावरचं कुंकू म्हणजे कोरडा रंग होता. सून अतिशय देखणी होती. ती विहिरीतून वर काढली तेव्हा तिचं ओलं लुगडं अंगाला कसं चिकटलं होतं याचं मी अर्धं पान लिहिलं होतं. आणि तिचा एक यार होता, गावातला तालीमबाज. रोज संध्याकाळी मळ्यात भेटायचे. दिराला ते कळलं आणि घराण्याच्या अब्रूसाठी त्यानं तिला ढकललं. शेवटी डिटेक्टिव्ह ओट्यावर उभा राहून गावाला सांगतो, ही देवी नव्हे, ही एक पाय घसरलेली स्त्री होती. हे वाक्य मला फार आवडलं होतं. पाय घसरला यात दोन अर्थ होते ना.

मी मान वर केली. तू सुपाकडं बघत होतीस.

"तिचा यार कुठून आणलास?" तू विचारलंस.

"गोष्टीत लागतो, माय."

"कोणाला लागतो?"

मी म्हणाले, त्याच्याशिवाय खून का केला ते वाचणाऱ्याला पटत नाही. तू उठून उभी राहिलीस. तू मला कधी मारलं नव्हतंस, तेव्हाही मारलं नाहीस. पण इतक्या बारीक आवाजात तू पूर्वी कधी बोलली नव्हतीस. "त्यांनी तिची देवी केली, तू तिची रांड केलीस. बाई म्हून ऱ्हाऊ द्यायचं कुणाच्याच मनात न्हाई." आणि मग, पाठ फिरवून, "म्या बगितलंय तिला. गोरी न्हवती. सावळी व्हती माझ्यावानी. आन लय भुकेजली व्हती."

ते तू मला एका दमात सांगितलं नाहीस. थोडं त्या रविवारी, थोडं मधल्या आठवड्यात, पाणी शेंदताना, लाकडं फोडताना, तेही माझ्याकडं न बघता. मी ते जोडून घेतलं. त्या मोठ्या घरच्या शेतात तू कापूस वेचायला होतीस. मी झोळीत, बांधावरच्या बाभळीला टांगलेली. दुपारी बाकीच्या बाया ओढ्याकडं पाण्याला गेल्या, तू मला पाजायला मागं राहिलीस. बांधावरून ती आली. अनवाणी, काखेत गाठोडं, पदर पार कपाळावर ओढलेला. तुला म्हणाली, "सेलू कुणीकडं? गाडी कितीला असती?" तिला परभणीची गाडी धरायची होती, तिथून झरीकडं, माहेरी. तू वाट सांगितलीस, ओढ्याच्या कडेकडेनं जा म्हणालीस, रस्त्यानं नको. ती दोन पावलं गेली आणि मागं फिरली. "खायाला काही हाय का?" तू म्हणालीस, "हाय, पर आमच्या घरचं चालंल का तुमाला?" तिनं हात पुढं केला. अर्धी भाकरी आणि जवसाची चटणी. उभ्या उभ्या खाल्ली, गडव्याला तोंड लावून पाणी प्याली, आणि गेली.

भाकरीचं सांगून तू एक दिवस थांबलीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू म्हणालीस, "मंग त्यो दीर आला." दीर आणि त्यांचा एक माणूस. दीर हसत होता, म्हणालीस. चिडलेला नव्हता. "काय गं, आमची सूनबाई आली का इकडं? रुसून निघाली हाय." त्यांच्या शेतात तुझा पाय, त्यांच्या आवारातून तुमचं सरपण, अंगाशी तान्हं पोर. "म्या तोंडानं काही बोलले न्हाई गं," तू म्हणालीस. "शपथ सांगते, तोंडानं न्हाई. हात उठला. आपुआप उठला." आणि तू मला तो हात करून दाखवलास. कोपरापासून वर, बोटं ओढ्याकडं. घटकाभरानं ते तिला परत घेऊन आले. तिचं गाठोडं दिराच्या हातात होतं, चालताना तो तिच्याशी गोडच बोलत होता. ती तुझ्यासमोरून गेली, तिनं तुझ्याकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी गावात हलग्या वाजल्या, सून विहिरीत उतरली, देवी झाली म्हणून.

"मग त्यांनीच ढकललं," मी म्हणाले. माझा आवाज आनंदाचा होता, माय. मला आजही तो ऐकू येतो आणि लाज वाटते.

"ढकललं का तिनं उडी घेतली, मला ठाऊक न्हाई. म्या न्हवते तिथं. मला एवढंच ठाऊक हाय, ती विहिरीकडं निघाली न्हवती. ती गाडीला निघाली व्हती." मग तू चुलीत फुंकर घातलीस, धूर झाला, आणि धुरातून तू म्हणालीस, "पुस्तकात बरं असतंय. शेवटाला कोणी तरी येऊन इचारतंय. मला कोणी इचारलंच न्हाई. फौजदार आला, वाड्यात जेवला, गेला. म्या आठ दिस वाट बगितली. इचारलं असतं तर सांगितलं असतं का, ते बी ठाऊक न्हाई. पर कोणी इचारायला तर पायजे व्हतं." त्याच महिन्यात तू बाबांच्या मागं लागलीस, गाव सोडा म्हणून.

मी म्हणाले, आता मी खरी गोष्ट लिहिते. तू म्हणालीस, "तुझ्या काकाचं घर हाय तिथं. त्याची लेकरं हायेत. लिव्हायचं न्हाई." मी वहीतली पानं फाडून चुलीत घातली. तुला वाटलं तुझ्या शब्दाखातर घातली. खरं तर मला त्या ओल्या लुगड्याच्या अर्ध्या पानाकडं बघवत नव्हतं.

पुढच्या चैत्रात तू म्हणालीस, यात्रेला जायचं. बाबा थक्क झाले. "देव पुजायला?" तू म्हणालीस, "पुजायला न्हाई, एकीला भेटायला." वर्गातल्या मुलीनं मला सांगितलं होतं ना, की देवीची आई दरसाल येते, तिलाही लोक पाया पडतात. ते मी तुला सांगून टाकलं होतं आणि विसरलेही होते. एसटीनं वालूरला उतरलो, तिथून चालत. गावात शिरताना तुझी चाल बदलली, खांदे आत गेले, तू रस्त्याच्या कडेनं चालायला लागलीस. मी सेलूत वाढलेली, मला ते कळेना. मी मधून चालत होते.

पंगत बसली तशी ओट्याची गर्दी ओसरली. म्हातारी लिंबाखाली घोंगडीवर बसलेली होती. गळ्यात झेंडूची माळ, कपाळ हळदीनं भरलेलं, पुढ्यात नारळांचा आणि खणांचा ढीग. तिच्या अंगावर ती सगळी सजावट कुणी दुसऱ्यानं केल्यासारखी दिसत होती. तू चार हात लांब बसलीस.

"पुढं ये की. दूर कामून बसलीस?" म्हातारी म्हणाली. "कोणाची तू?"

"ह्याच गावची व्हते. आता सेलूला ऱ्हाते. तुमची लेक मला भेटली व्हती. त्या दिशी. बांधावर."

म्हातारी हातातला खण घडी करत होती, ती घडी तशीच राहिली. "कुणीकडं चालली व्हती?"

"तुमच्याकडं. सेलूची वाट इचारली मला. गाडी इचारली."

पंगतीत कोणी तरी मोठ्यानं भात वाढा म्हणून ओरडत होतं. म्हातारीनं तो खण ढिगावर ठेवला. मग म्हणाली, "जेवलेली व्हती का?"

"म्या अर्धी भाकर दिली. आमच्या हातची."

"खाल्ली?"

"खाल्ली. उभ्यानंच. पाणी बी प्याली."

म्हातारीनं पुढं सरकून तुझे दोन्ही हात धरले. भर यात्रेत, सगळ्यांदेखत. आणि मी, पंधरा वर्षांची, जिला वाटत होतं की आता शेवटचं प्रकरण आलं, मी मध्येच तोंड घातलं. "आजी, मग तुम्ही उठून सांगा ना सगळ्यांना! ती देवी नाही. तिला मारलंय ह्या लोकांनी. हे सगळं खोटं आहे."

तू मला गप्प करायला वळलीस, पण म्हातारीनंच तुला थांबवलं. ती माझ्याकडं बघून बोलली, चिडून नाही, समजावल्यासारखी. "पोरी, मी आई हाय तिची. मला काय कळत न्हाई व्हय? पर देवी हाय म्हून हे लोक दरसाल गाडी जुंपून मला आणतेत. इथं दोन दिस बसू देतेत. तिच्या नावानं कोणी तरी रडतंय, कोणी तरी लेकराला तिचं नाव ठेवतंय. देवी न्हाई म्हणलं, तर माझ्या लेकीची नुसती विहीर ऱ्हाईल. मंग मी बसू कुठं?" मला एकाही पुस्तकात असं उत्तर भेटलं नव्हतं. निघताना ती तुला म्हणाली, "पुढल्या साली बी ये. ते भाकरीचं तेवढं मला परत सांग."

परतीला वालूरपर्यंत चालत आलो. एसटीची वाट बघत आपण रस्त्याच्या कडेला बसलो, ऊन उतरत होतं, आणि तू एकदम तोंडात पदर घालून रडायला लागलीस. मला वाटलं, म्हातारीसाठी. तू म्हणालीस, "हात दावला ते सांगायचं ऱ्हाऊन गेलं. तिनं माझेच हात धरले गं. कसं सांगू?"

त्यानंतर चार वर्षं तू दर चैत्रात गेलीस. विहारातल्या बायांनी नावं ठेवली. देव सोडलेल्या घरची बाई जत्रेला जाती, म्हणाल्या, बाबांनाही तोंडावर बोलल्या. बाबांनी तुला एकदाच विचारलं आणि तुझा चेहरा बघून परत विचारलं नाही. दर वर्षी म्हातारी विचारायची, जेवलेली व्हती का, आणि तू सांगायचीस. दर वर्षी जाताना म्हणायचीस, अवंदा सांगते. दर वर्षी परत आलीस की मी तुझ्या तोंडाकडं बघायची आणि कळायचं, राहिलं. पाचव्या वर्षी लिंबाखाली घोंगडी नव्हती. तू ओट्याकडं न जाता तिथूनच वळलीस. मामूची पुस्तकं तू ऐकत राहिलीस, पण शेवट जवळ आला की म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे आता, डोळे मिटायलेत." मी मनातल्या मनात वाचून पुस्तक परत द्यायची.

मी शिकले, मास्तरीण झाले, परभणीला आले. तू आजारी पडलीस तेव्हा माझ्याजवळच होतीस. शेवटच्या दिवसांत तुझा उजवा हात अंथरुणावर सारखा हलायचा. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. मी तो हात धरून बसायची. तो मी धरत होते की दाबत होते, हे मला सांगता येणार नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू गेल्यावर सेलूच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. ज्या बायांनी तुला नावं ठेवली होती त्या पुढं बसल्या होत्या. मी बोलायला उभी राहिले. मला त्यांना दाखवायचं होतं तू कोण होतीस ते. मी ती बांधावरची गोष्ट सांगितली, भाकरीची, सेलूच्या वाटेची. दीर आला, हसत म्हणाला, सूनबाई दिसली का? आणि इथं मी थांबले. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "माझी माय मान वर करून म्हणाली, आमी कोणाला बगितलं न्हाई." ते तोंडातून आपोआप निघालं. तयारी केली नव्हती मी. बाया रडल्या. एकीनं माझ्या पायाला हात लावला.

तेव्हापासून मी ते तसंच सांगत आले. शाळेत मुलींना, बचत गटाच्या बायांना, एकदा तर माइकवरून. दर वेळी तू थोडी उंच होत गेलीस. हल्ली त्या गोष्टीत तू दिराच्या डोळ्याला डोळा देतेस, विळा हातात घेतेस. कापूस वेचायला विळा लागत नाही हे मला माहीत आहे, माय. लोकांना विळा आवडतो. माझ्या वहीतल्या त्या सुनेला मी यार दिला होता तेव्हा तू मला जे विचारलं होतंस, ते विचारायला आता कोणी नाही, म्हणून निभावतं. खरी जी होती, तान्हं पोर पाजता पाजता घाबरलेली, जिचा हात उठला आणि जन्मभर खाली आला नाही, जी दरसाल त्या लिंबाखाली जाऊन आली आणि तरी बोलू शकली नाही, ती मला विळेवालीपेक्षा कितीतरी जवळची आहे. पण तिला घेऊन मी कोणासमोर उभी राहिले नाही. म्हातारीला तू सांगायला हवं होतंस, असं मी बरीच वर्षं मनात म्हणत आले. आता मी तुझ्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाले आहे, आणि मला कळतं ते किती अवघड असेल. मला तर एका भरल्या सभेत तुझं खरं सांगता आलं नाही, आणि माझे हात तर कोणी धरलेही नव्हते.

हे मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. मघाशी माझी लेक दारात येऊन उभी राहिली. तिला तुझी गोष्ट पाठ आहे, तिच्या मुलीलाही ती झोपवताना सांगते, विळ्यासकट. कागद बघून तिनं विचारलं, "काय लिहायलीस गं एवढं?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही नाही, किराण्याची यादी करायले." ती म्हणाली, "साबण लिही मग, संपलाय," आणि गेली. मी खरंच खाली साबण लिहिलं.